जहाजावर नोट चालत नाही

हा भाग मी बपेऱ्यातून बोलतोय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, सिहोऱ्याच्या पुढे, महाराष्ट्र जिथे संपतो तिथे. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश. पलीकडे पाट्यांची भाषा बदलते, गाड्यांचे नंबर बदलतात, पेट्रोलचा भाव बदलतो. बदलत नाही ती खिशातली शंभराची नोट. तिकडच्या टपरीवर चहा पिऊन दिली, तर कुणी उलटीपालटी करूनही बघत नाही.

आता याच नोटेला घेऊन आपण समुद्रावर जाऊ. हसू नका. बपेऱ्यात समुद्राच्या गोष्टी करणारा मी पहिलाच असेन, पण प्रश्न घरातूनच आलाय. माझा चुलतभाऊ पुण्यात नोकरीला आहे. त्याने आईवडिलांसाठी मुंबई-गोवा क्रूझ बुक केली. कंपनीकडून माहितीपत्रक आलं, त्यात लिहिलेलं: जहाजावरच्या खर्चासाठी क्रेडिट कार्ड नोंदवावं. मोठ्या बाबांनी ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "माह्यापाशी हाये ना कार्ड!" आणि पेटीतून किसान क्रेडिट कार्ड काढलं.

त्यांचं काय चुकलं सांगा? बपेऱ्यात 'क्रेडिट कार्ड' म्हटलं की धानाच्या हंगामाआधी पीककर्ज उचलायचं कार्डच डोळ्यांसमोर येतं. १९९८ साली ही योजना आली, म्हणजे माझे बहुतेक श्रोते जन्मायच्या आधी. क्रूझवाल्यांना हवं असलेलं कार्ड निराळं. ते मोठ्या बाबांकडे नाही, माझ्याकडे नाही, तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे नसेल. देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली ती २०२४ च्या सुरुवातीला. आपण आहोत एकशे चाळीस कोटींच्या वर, आणि शहरात एकेकाच्या पाकिटात तीन-तीन कार्डं असतात ती वेगळीच.

मग ज्याच्याकडे ते कार्ड नाही त्याने जहाजावर पाणी, चहा, फोटो, काहीच विकत घ्यायचं नाही का? घेता येतं. रोख चालते, पण आपल्याला वाटते तशी नाही. ही 'तशी नाही'ची गोष्ट शोधायला बसलो आणि दीडशे-दोनशे वर्षं मागे जाऊन पोचलो.

आधी आजची पद्धत पटकन सांगतो. जहाजावर चढताना तुम्हाला एक प्लास्टिकचं कार्ड मिळतं. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. दुकानात, बारमध्ये, कॅफेत हे कार्ड दाखवायचं, रक्कम तुमच्या खात्यावर चढते. शेवटच्या रात्री हिशोब येतो. ज्याने क्रेडिट कार्ड जोडलंय त्याच्या कार्डावरून पैसे कापले जातात. ज्याने जोडलं नाही, त्याने पहिल्या दिवशी काउंटरवर रोख अनामत भरायची. ती संपली की कार्ड बंद, पुन्हा भरा की चालू. उरली तर शेवटी परत. किती भरायची ते कंपनीगणिक वेगळं. पण काउंटरवरच्या पोराला चहाचे सुट्टे पैसे देऊन मोकळं होणं, हे बहुतेक क्रूझवर नाहीच.

आता मागे जाऊ.

'चिट' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. इंग्रजीत तो छोट्या कागदाला, सही केलेल्या पावतीला म्हणतात. हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून उचललाय. १८८६ साली यूल आणि बर्नेल या दोघांनी 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा जाडजूड कोश छापला, हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलीत शिरलेल्या शब्दांचा. त्यात 'चिट' आहे, आणि तिचं मूळ म्हणून हिंदी 'चिठ्ठी' आणि मराठी 'चिट्टी' दिलेली आहे.

या चिठ्ठीवर इंग्रजांचं हिंदुस्थानातलं अर्धं आयुष्य चालायचं. कारण ऐकून गंमत वाटेल. त्या काळचा रुपया चांदीचा, वजन एक तोळा, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या थोडं वर. शंभर रुपये खिशात घालायचे म्हणजे सव्वा किलोच्या जवळपास चांदी. सरकारी कागदी नोटा आल्या १८६१ च्या कायद्यानंतर, आणि त्याही सगळीकडे सहज चालायला बराच काळ गेला. मग साहेब काय करायचा? क्लबात बसायचा, पेग मागवायचा, नोकर कागदाचा तुकडा आणि पेन्सिल आणायचा, साहेब सही ठोकायचा. महिनाअखेरीला सगळ्या चिठ्ठ्यांचं मिळून बिल. मुंबईतला भायखळा क्लब १८३३ चा. तिथे आणि अशा कितीतरी क्लबांत हेच. चिठ्ठी आणणारा नोकर आपला, आणि सही करायचा हक्क मात्र साहेबाचा. आपल्या माणसाला तिथे सभासदच होता येत नव्हतं. त्याच्यापाशी पैसा किती, हा प्रश्नच येत नव्हता.

हीच सवय बोटीवर गेली. विलायतेच्या बोटींवर वरच्या वर्गाचा प्रवासी पेयांच्या चिठ्ठ्यांवर सही करायचा आणि हिशोब नंतर पर्सरकडे चुकता करायचा. पर्सर म्हणजे जहाजाचा खजिनदार. तिजोरी, पाकिटं, मौल्यवान वस्तू, सगळं त्याच्या ताब्यात. आजच्या क्रूझवर 'गेस्ट सर्व्हिस' लिहिलेलं जे चकचकीत काउंटर असतं ना, तो याच पर्सरच्या खिडकीचा नातू. आणि तुमच्या गळ्यात अडकवलेलं ते प्लास्टिक कार्ड म्हणजे चिठ्ठीच. फक्त सही मशीन करतं.

डेकवरचा प्रवासी मात्र या कहाणीत कुठेच नाही. तो तिकिटाचे रोख पैसे मोजायचा, वळकटी टाकायचा, घरून बांधून आणलेलं खायचा. त्याच्या सहीवर कुणी चहासुद्धा दिला नसता. म्हणजे जहाजावर 'कॅशलेस' ही काही मोबाईलच्या जमान्याची भानगड नाही. ती जुनीच आहे, आणि पहिल्या दिवसापासून तिचा प्रश्न एकच: कुणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा?

पण रोखीची बाजू घेऊन मी आंधळा होणार नाही. रोख बुडते. चोरीला जाते, भिजते. म्हणून तर आपल्याकडे हुंडी होती. काशीला निघालेला यात्रेकरू अंगावर मोहरा बांधून ठगांच्या वाटेने जाण्यापेक्षा इथल्या सावकाराकडे पैसे भरून तिथल्या पेढीवरची हुंडी घ्यायचा. विलायतेत थॉमस कुक कंपनीने १८७४ साली सर्क्युलर नोट नावाचा असाच प्रकार काढला. अमेरिकन एक्सप्रेसने १८९१ साली ट्रॅव्हलर्स चेक. त्याची कथा अशी की कंपनीचे अध्यक्ष फार्गो युरोपात फिरायला गेले, त्यांच्याकडे बँकेचं पतपत्र होतं, पण मोठी शहरं सोडली तर त्यावर पैसे द्यायला कुणी तयार होईना. कंपनीच्या अध्यक्षाची ही गत, तर आपल्या मोठ्या बाबांचं काय घेऊन बसलात!

याच संदर्भात बाबासाहेबांची एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या भंडाऱ्याला बाबासाहेब माहीत आहेत ते १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीमुळेही. ते इथून उभे होते आणि हरले, हे आजही म्हातारी माणसं हळहळून सांगतात. मी सांगतोय ते त्याच्या सदतीस वर्षं आधीचं. १९१७ साली ते लंडनहून परत निघाले. पहिलं महायुद्ध चालू. सामान आणि पुस्तकं थॉमस कुकमार्फत वेगळ्या बोटीने पाठवलेली. ती बोट टॉर्पेडोने बुडाली. पुस्तकं गेली, कागद गेले. ते स्वतः ऑगस्टमध्ये मुंबईत पोचले. पुढे थॉमस कुककडून नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले, आणि त्या पैशांच्या आधाराने ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. सामानाची नोंद कुठल्यातरी वहीत होती म्हणून हे सहाशे रुपये मिळाले. पेटीत नोटांची पुडकी असती तर समुद्राने त्याची पावती दिली नसती. वहीचा हा फायदा कबूल करायलाच पाहिजे.

आता या भागातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. रिझर्व्ह बँकेने एकेकाळी खास यात्रेकरूंसाठी नोटा छापल्या होत्या. विश्वास बसणार नाही, पण खरंच.

पन्नासच्या दशकात कुवेत, बहारीन, कतार, ओमान, आज ज्याला आपण दुबई-अबुधाबी म्हणतो तो किनारा, या सगळीकडे भारतीय रुपया चालायचा. तिथला व्यापारी आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नोटा मोजायचा. पण यात एक भोक होतं. इकडे सोनं महाग, तिकडे स्वस्त. तस्कर रुपये घेऊन तिकडे जायचे, सोनं घेऊन यायचे. ते रुपये तिथल्या बँकांमध्ये जमा व्हायचे आणि बँका ते रिझर्व्ह बँकेला परत करून बदल्यात पौंड मागायच्या. म्हणजे चोरून आलेल्या सोन्याचं बिल शेवटी आपल्याच परकीय गंगाजळीतून भरलं जात होतं.

१९५९ साली सरकारने भोक बुजवलं. आखाती देशांसाठी वेगळ्या रुपयांच्या नोटा काढल्या. नक्षी तीच, रंग वेगळा, नंबराच्या आधी इंग्रजी झेड अक्षर. त्या भारतात चालायच्या नाहीत, आणि आपल्या साध्या नोटा तिकडे घेतल्या जाणार नाहीत. मग प्रश्न आला हजला जाणाऱ्यांचा. मुंबईहून मोगल लाइनच्या बोटी जेद्दाहला जायच्या. देशभरातून लोक यायचे, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात मुक्काम करायचे आणि बोटीची वाट बघायचे. त्यात शेतकरी, विणकर, छोटे दुकानदार. आयुष्यभराची जमा कंबरेला बांधून आलेली माणसं. बँकेत खातं नाही, पतपत्र नाही, इंग्रजीत सही नाही. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने दहाची आणि शंभराची, अशा दोन हज नोटा काढल्या. दहाची निळी, शंभराची लाल. नंबराच्या आधी 'एच ए'.

मला यात काय दिसतं सांगू? सरकारला परकीय चलन वाचवायचं होतं, ठीक आहे. ते सरळ म्हणू शकलं असतं, बँकेत जा, चेक घ्या, नाहीतर घरी बसा. तसं केलं नाही. जो माणूस फक्त हाताने नोट मोजू शकतो त्याच्यासाठी हाताने मोजता येईल अशीच नोट काढली. रंग मुद्दाम वेगळा, म्हणजे अक्षर न वाचता ओळखता येईल. नियमही पाळला गेला आणि माणूसही वगळला गेला नाही. आजच्या एखाद्या ॲपवाल्या कंपनीला हे जमलं असतं का, मला शंका आहे.

पुढे कुवेतने १९६१ साली स्वतःचा दिनार काढला, बहारीनने १९६५ साली. जून १९६६ मध्ये आपल्या रुपयाचं अवमूल्यन झालं आणि बाकीच्यांनीही आखाती रुपया सोडला, ओमानने शेवटी १९७० मध्ये. मुंबईहून समुद्रमार्गे हजला जाणं मात्र १९९५ पर्यंत चालू राहिलं. हज नोट आज नाणीनोटा जमवणाऱ्यांच्या लिलावात दिसते. तिची किंमत ऐकून मी फोन खाली ठेवला होता.

त्याच काळात विलायतेला शिकायला, नोकरीला निघालेल्या पोरांची वेगळीच तऱ्हा. साठच्या दशकात गेलेल्या कुणाही आजोबांना विचारा, ते 'तीन पौंड' म्हणतील. देशात परकीय चलनाचा दुष्काळ, १९४७ चा परकीय चलन कायदा कडक. बाहेर जाणाऱ्याला खिशात तीन पौंड नेता यायचे. १९६६ च्या आधीच्या दराने त्याचे झाले चाळीस रुपये. बोटीचं तिकीट मुंबईत रुपयांत भरलेलं असायचं, त्यात जेवणखाण आलं. म्हणून दोन-तीन आठवड्यांचा तो प्रवास शक्य तरी व्हायचा. पण दाढीचं सामान संपलं, कपडे धुवायला दिले, एडनला उतरून काही घेतलं, शेवटी वेटरला बक्षिसी दिली, की सगळं त्या तीन पौंडांतून. बरं, घरी शेती असो की पेढी, बापाच्या खात्यात लाख असोत, बोटीवर सगळे तीन पौंडांचेच धनी. एका अर्थाने हिंदुस्थानच्या इतिहासातली ही सगळ्यात समान वागणूक म्हणायची.

नंतर विमान आलं, १९७० च्या आसपास विलायतेच्या नेहमीच्या प्रवासी बोटी संपल्या, आणि जहाजावर पैसे कसे द्यायचे हा प्रश्न आपल्याकडे जवळपास विसरला गेला. मधल्या काळात कार्ड आलं. डायनर्स क्लब न्यूयॉर्कला १९५० मध्ये सुरू झाला, भारतात १९६१ मध्ये. सेंट्रल बँकेने १९८० मध्ये आपलं कार्ड काढलं. तेव्हा ते कुणाकडे असायचं? मुंबई-दिल्लीतल्या मोठ्या साहेबांकडे. म्हणजे पुन्हा क्लब, पुन्हा सही.

मुंबईहून क्रूझ निघणं ही तशी अलीकडची गोष्ट. २००५ साली एका परदेशी कंपनीने जहाज आणलं, गेलं. २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' मुंबई-गोवा सुरू झाली, कान्होजी आंग्र्यांचं नाव घेऊन. २०१९ मध्ये 'कर्णिका' आली आणि करोनाच्या वर्षात तिची कंपनी बुडाली. २०२१ पासून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' धावते आहे. हे जहाज १९९० सालचं, आधी अमेरिकेकडच्या समुद्रात फिरायचं. म्हणजे जहाजाबरोबर तिकडची पैशांची पद्धतही इकडे आली. तिकडे क्रेडिट कार्ड घरोघरी. इकडे आमचे मोठे बाबा.

तुम्ही म्हणाल, यूपीआय आहे की! आहे. बपेऱ्यात पानठेल्यावर क्यूआर कोड आहे. पण यूपीआयला दोन्ही बँकांशी त्याच क्षणी बोलावं लागतं. किनारा मागे पडला की मोबाईलची रेंज जाते, आणि उपग्रहाचं इंटरनेट महाग. जहाजावर नेहमी हीच अडचण असल्यामुळे जहाजाला स्वतःची वही ठेवावीच लागते: खर्च वहीत चढवायचा आणि किनाऱ्यावर आल्यावर बँकेशी मिटवायचं.

कायदा काय म्हणतो? रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ प्रमाणे आपली नोट वैध चलन आहे 'भारतातल्या कोणत्याही ठिकाणी'. बावनथडीच्या पलीकडे ती चालते ती याच शब्दांमुळे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल गेलं की आपली सागरी हद्द संपते, आणि बहुतेक क्रूझ जहाजांवर बहामा, पनामा, माल्टा असल्या देशांचे झेंडे असतात. तिथे कुठलं चलन घ्यायचं आणि कसं, हे जहाजाच्या अटी ठरवतात. तुम्ही तिकीट काढताना त्यावर 'मान्य आहे' केलेलं असतं. न वाचता.

आता कंपनीला रोख का नको, यावर माझं म्हणणं. ते सांगतात, चोरी टळते, सुट्ट्याची कटकट नाही, कर्मचाऱ्याच्या हातात पैसा राहत नाही. सगळं खरं. पण अजून एक कारण आहे, ते माहितीपत्रकात नसतं. अमेरिकेतल्या एमआयटीत प्रेलेक आणि सिमेस्टर या दोन प्राध्यापकांनी एक प्रयोग केला, तो २००१ मध्ये छापून आला. विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. अर्ध्यांना सांगितलं रोख द्यावे लागतील, अर्ध्यांना सांगितलं क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीच्या आसपास गेली. तिकीट तेच! फ्रान्सच्या क्लब मेड नावाच्या सुट्टी-छावण्यांनी तर पन्नासच्या दशकापासून पैशाऐवजी मण्यांची माळ गळ्यात घालायला लावली होती. पेय घेतलं की मणी काढून द्यायचा. मणी देताना कुणाला दुखतंय?

आणि आता मूळ मुद्दा, जो मोठ्या बाबांनी एका वाक्यात सांगितला आणि मला दोन आठवडे लागले समजायला.

ते गेले, आले. रोखच नेली. काउंटरवर दहा हजार अनामत भरली. क्रेडिट कार्डवाल्यांची रांग पुढे सरकत होती आणि यांना बाजूला उभं केलं, नोटा दोनदा मोजल्या, फॉर्म भरून घेतला. भाऊ वैतागला. मोठे बाबा शांत. मी नंतर विचारलं, राग नाही आला? ते म्हणाले, "राग कायले? आपले पैसे त्यायच्यापाशी, म्हनजे चुकारा त्यायनं द्यायचा हाये."

चुकारा म्हणजे काय हे भंडारा-गोंदियाच्या पोरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: आधारभूत केंद्रावर धान मोजून दिल्यानंतर शेतकऱ्याला मिळायचे पैसे म्हणजे चुकारा. धान आज जातं, चुकारा महिना-दोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा. आमच्याकडच्या पेपरात 'चुकारे रखडले' ही बातमी दरवर्षी पेरणीसारखी येते. त्यामुळे कोण कुणाचं देणं लागतो, हे आमच्या लोकांना पटकन कळतं.

क्रेडिट कार्डवाला जहाजावर उधारीवर फिरतो. कंपनी त्याच्यावर विश्वास ठेवते, कारण बँक त्याच्या मागे उभी आहे. रोख अनामत भरणारा उलट आहे. त्याने कंपनीवर विश्वास ठेवलाय. पैसे आधीच देऊन टाकलेत, माल अजून घ्यायचाय. धंद्याच्या साध्या न्यायाने बघितलं तर मान याला जास्त मिळायला हवा, रांग याची छोटी असायला हवी. घडतं नेमकं उलटं. ज्याच्याकडून येणं आहे त्याला सलाम, आणि ज्याचं देणं आहे त्याच्या नोटा दोनदा मोजायच्या. १९५९ च्या मुसाफिरखान्यातल्या माणसासाठी रिझर्व्ह बँकेने नोटेचा रंग बदलला होता. आज अनामतवाल्यासाठी एक वेगळी खिडकीसुद्धा बऱ्याचदा नसते.

असो. शेवटच्या रात्री हिशोबाचा कागद आला. मोठ्या बाबांनी तो चष्मा लावून ओळ न् ओळ वाचला. दोन कॉफ्या जास्त लागल्या होत्या. काउंटरवर गेले, खिशातली डायरी काढली. रोज काय घेतलं ते पेन्सिलीने लिहून ठेवलेलं. कॉफ्या कमी झाल्या. माझा भाऊ म्हणतो, माझ्या कार्डावर असतं तर मी बघितलंही नसतं.

आता तुमच्यापैकी कुणी आईबाबांना घेऊन जाणार असेल, तर कामाचं थोडं सांगतो आणि थांबतो.

बुकिंग करायच्या आधीच विचारा: रोख अनामत घेता का, कमीत कमी किती, आणि उरलेली परत रोखच मिळते की बँकेत जमा होते. उत्तर लेखी घ्या, ईमेल किंवा व्हॉट्सॲप चालेल. डेबिट कार्ड जोडायला सांगितलं तर एक लक्षात ठेवा, ते आधी काही रक्कम खात्यात अडकवून ठेवतात, आणि प्रवास संपल्यावरही ती सुटायला काही दिवस लागू शकतात. खात्यात तेवढेच पैसे असतील तर परतीच्या रेल्वेचं जेवणसुद्धा वांध्यात येईल. जहाज श्रीलंका-बिलंका करत परदेशी जाणार असेल तर देशाबाहेर भारतीय नोटा पंचवीस हजारांपर्यंतच नेता येतात. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावर आपले रुपये घेतील हे गृहीत धरू नका, तिथे हिशोब बहुधा डॉलरात असतो. बक्षिसीची रक्कम बऱ्याच जहाजांवर रोज आपोआप खात्यात चढते, ती किती ते पहिल्याच दिवशी विचारा, म्हणजे अनामत अर्ध्यात संपणार नाही. अनामतीची पावती पाकिटात ठेवा, खोलीत नको.

आणि शेवटच्या सकाळी परताव्याची रांग मोठी असते. मोठे बाबा पहाटे पाचला जाऊन उभे राहिले. पहिला नंबर. मागे बघतात तर तीन माणसं आधीच आलेली, एक अकोल्याचे, दोन नांदेडचे. जहाज बॅलार्ड पिअरला लागेपर्यंत चौघांनी मिळून सोयाबीन आणि धानाच्या भावावर चर्चा केली. मोठ्या बाबांना तीन हजार एकशे चाळीस रुपये परत मिळाले, रोख, मोजून.

पुढच्या भागात हुंडीची सविस्तर गोष्ट करू, काशीच्या यात्रेपासून. तोवर, तुमच्या घरात तीन पौंड घेऊन गेलेलं किंवा बोटीने हजला गेलेलं कुणी असेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून मला पाठवा. दोन मिनिटांचा असला तरी चालेल.